बुद्धिबळाचीं कूटें आणि गणकयंत्र



गेल्या दिवाळीच्या सुटींत मेडशीस आमच्या शेजारचा एक विद्यार्थी मोबाईल घेऊन मजकडे आला व म्हणाला, “गुरुजी, आतां पटासमोर डोकें शिणविण्याचें कारण उरलें नाहीं. कोणतीहि स्थिति यांत मांडा; कोण किती वरचढ तें आंकड्यानें कळतें.” तो आंकडा येतो कसा व त्यावर विश्वास कितपत ठेवावा, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

कठीण स्थिति मांडून बुद्धीची परीक्षा घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत कूटसंग्रहाचें इंग्रजी भाषांतर १८१४ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालें. पुढें अशीच परीक्षा यंत्रांसहि लावण्यांत आली. ब्रात्को व कोपेक या संशोधकांनीं १९८२ सालीं चोवीस स्थितींची प्रश्नपत्रिका प्रसिद्ध केली. निम्म्या प्रश्नांत मारामारीचा हिशेब होता; उरलेल्यांत प्यादें योग्य वेळीं पुढें सारण्याचें धोरण होतें.

यंत्र मुख्यतः दोन कामें करतें: शोध आणि मूल्यमापन. क्लॉड शॅनन यांनीं १९५० सालींच दाखविलें होतें कीं, एका स्थितींत सुमारें तीस खेळ्या शक्य धरल्या, तर आपली एक व प्रतिपक्षाची एक मिळून सुमारें हजार वाटा फुटतात. अशा दोन जोड्या होतांच त्या दहा लाख होतात. १९९७ सालीं कास्पारोव्ह यांस हरविणारें ‘डीप ब्लू’ सेकंदास वीस कोटि स्थिति तपाशीत असे. तरीहि सर्व वाटा पाहणें अशक्यच. म्हणून यंत्र छाटणी करतें. एखाद्या खेळीस प्रतिपक्षाचें एक खणखणीत उत्तर सांपडलें, कीं तिचीं उरलेलीं उत्तरें तें पाहत नाहीं. शोध जेथें थांबतो, तेथें प्याद्याच्या मापानें त्या स्थितीचें मोल ठरतें. ‘स्टॉकफिश’ या प्रसिद्ध प्रणालींत २०२० पासून हें मोल असंख्य स्थितींवर शिकविलेलें कृत्रिम मज्जातंतूंचें जाळें ठरवूं लागलें.

कूट नेमकें येथेंच फसवितें. वजीर देऊन टाकण्याची खेळी प्रथमदर्शनीं वाईट दिसते. तिचें फळ शोधाच्या टोकापलीकडे असेल तर ती मागें पडते.

मीं त्या मुलास एक स्थिति मांडून दिली. सोळाहि प्यादीं समोरासमोर अडलेलीं. पांढरीं सर्व काळ्या घरांवर, काळीं सर्व पांढऱ्या घरांवर. राजास शिरावयास कोठेंहि फट नाहीं. पांढऱ्याजवळ काळ्या घरांतून फिरणारा एक उंट मात्र अधिक. यंत्रानें पांढऱ्यास वरचढ ठरविलें. “मग जिंकून दाखव,” मीं म्हटलें. अर्धा तास तो उंट फिरवीत राहिला. अखेर म्हणाला, “गुरुजी, याला मारावयास एकहि प्यादें मिळणार नाहीं. ही बरोबरीच!” यंत्रानें बळ मोजलें, भिंत त्या मुलानें ओळखली.

राजांसह सात किंवा त्यांहून कमी मोहरे उरले असतां स्थितीचें उत्तर सिद्धच असतें; २०१८ पर्यंत तशा स्थितींचे निकाल संपूर्ण गणून झाले. त्याहून अधिक मोहरे असतां आंकडा म्हणजे बहुधा तपासलेल्या वाटांवरून बांधलेला अंदाज. तो आपल्या अंदाजाहून फार चांगला असतो, हें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं. परंतु आंकडा उत्तर देतो, कारण देत नाहीं. आणि शिकणाऱ्याचा सारा लाभ कारणांत आहे.

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं २०२५ सालीं जॉर्जियांतील बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. आजचे सर्वच मोठे खेळाडू घरीं यंत्राचें साहाय्य घेतात; पण सामन्याच्या पटासमोर स्वतःच्या बुद्धीखेरीज कोणी सोबतीस नसतें.

पालकांस माझी एवढीच विनंति आहे: मुलानें प्रथम आपलें उत्तर कारणासह कागदावर लिहावें, मग यंत्रास विचारावें, आणि दोहोंत अंतर पडल्यास तें कां पडलें, तें शोधावें. आमचा विद्यार्थी अजूनहि मोबाईल घेऊनच येतो. पण आतां आंकड्यावर बोट ठेवून, तो झांकून येतो.