चौकशी अहवालात कायद्याचे तत्त्व कसे मांडावे

(विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी व त्यांचे शिक्षक यांच्यापुढे एका वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, विद्यार्थी असताना या बाबतीत मी स्वतः नापास झालो होतो. पाणवठ्याच्या एका तंट्यावर मी चौकशी अहवाल लिहिला होता. त्यात कलमे होती, निवाड्यांची नावे होती आणि विशेषणांना तर तोटाच नव्हता. आमच्या प्राध्यापकांनी तो वाचून एकच प्रश्न विचारला : "हे कलम येथे का लागू पडते, ते तुझ्या अहवालात कोठे लिहिले आहे ?" मी निरुत्तर झालो. तो प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवीत आहे. कारण तत्त्वाचा उल्लेख करणे म्हणजे तत्त्व समजावून सांगणे नव्हे, आणि हा फरक न कळल्यामुळे न्याय्य बाजूही कागदावर हरते.

यासाठी मी आपल्या सर्वांच्या परिचयाचे एकच उदाहरण घेतो, ते म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले आणि २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले. हा इतिहास विद्यार्थ्यांना पाठ असतो. त्यानंतर स्पृश्यांनी बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला, डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळविला आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पृश्यांचे अपील फेटाळले, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु "उच्च न्यायालयाने काय ठरविले ?" असे विचारा, म्हणजे दहापैकी नऊ उत्तरपत्रिकांत उत्तर येते : "न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदेशीर ठरविली."

मित्रहो, हे उत्तर आपल्या मनाला गोड वाटते. पण ते खरे नाही.

वादींचे म्हणणे असे होते की, तळे केवळ स्पृश्यांच्या वापराचे असून अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची अनादि वहिवाट आहे. आता कायद्याचे तत्त्व असे की, जो न्यायालयाकडे हक्क मागतो, त्या हक्काला आधार असलेली वस्तुस्थिती त्यानेच सिद्ध केली पाहिजे. यालाच शाबितीचा भार म्हणतात. वहिवाट सांगणाराने ती अनादि आहे, निश्चित आहे, हे पुराव्याने दाखवावे लागते. महाडच्या पहिल्या न्यायालयाने वहिवाट जुनी असल्याचे मान्य केले. परंतु एका वर्गाने पाणी वापरले व दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याचा कायदेशीर हक्क निर्माण होत नाही, असे म्हणून दावा काढून टाकला. ठाण्याच्या अपील न्यायालयाने निराळे कारण दिले : वहिवाट अनादि असल्याचे शाबीतच झालेले नाही. उच्च न्यायालयाने हेच मत कायम केले. अशी वहिवाट वाजवी आहे की सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, हा प्रश्न निर्णयासाठी उरलाच नाही.

निकाल तीनही ठिकाणी एकच. कारणे मात्र निरनिराळी. ज्या विद्यार्थ्याला हा भेद लिहून दाखविता येतो, त्याला कायदा कळला असे मी समजतो. कोणी म्हणेल, विजय तो विजय, कारणाशी काय काम ? काम आहे. १९३७ चा विजय वादींच्या पुराव्याच्या उणिवेवर उभा होता. उद्या दुसऱ्या गावच्या स्पृश्यांनी अधिक चांगला पुरावा आणला असता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर त्या निवाड्यात नव्हते. ते उत्तर संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने दिले. निवाड्याला त्याच्या मापापेक्षा मोठा करून दाखविणारा विद्यार्थी, संविधानाने नवे काय केले हेच झाकून टाकतो.

१९५५ चा हा कायदा १९७६ च्या दुरुस्तीपासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. समजा, एका गावी सार्वजनिक नळावर एका वस्तीतील स्त्रियांना पाणी भरू दिले नाही. विद्यार्थी लिहितो : "हे कृत्य अमानुष असून त्यामुळे ४ थ्या कलमाचा भंग झाला आहे." येथे राग आहे, कलमही आहे, मधला दुवा नाही. त्याने असे लिहावयास हवे : "जेथे इतर लोकांना पाणी भरण्याचा हक्क आहे, तेथे कोणासही अस्पृश्यतेच्या कारणावरून अडविणे हा गुन्हा आहे. नळ सार्वजनिक असल्याचे ग्रामपंचायतीच्या नोंदीवरून दिसते. अडवणूक झाल्याचे दोन स्त्रियांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितले. तिसरीने ऐकीव माहिती दिली, ती येथे धरलेली नाही. अडविणाराचे म्हणणे, त्या दिवशी पाणी कमी होते. परंतु त्याच वेळी इतरांनी पाणी भरले." हे वाचणारा मामलेदार असो की ऐकणारी गावची निरक्षर आई असो, न्यायाची वाट पावलापावलाने दिसते.

आणि कारण अस्पृश्यतेचेच होते, हे कोणी सिद्ध करावयाचे ? येथे १२ वे कलम येते. गुन्ह्याचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. तसे नव्हते, हे दाखविण्याचा भार आरोपीवर पडतो. मनातला हेतू सिद्ध करणे दुर्बल माणसाला कठीण, म्हणून कायद्याने भाराची जागा बदलली. हे "म्हणून" लिहिल्याशिवाय तत्त्वाचे विवरण पुरे होत नाही. त्याचबरोबर मर्यादाही लिहावी लागते. हे गृहीतक अनुसूचित जातीच्या व्यक्तीपुरते आहे, आणि अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. तेव्हा १९५६ नंतरच्या व १९९० पूर्वीच्या एखाद्या प्रकरणाचा अभ्यास करताना, फिर्यादी धर्मांतरित बौद्ध असल्यास या कलमाचा आधार त्यास मिळत होता काय, हा प्रश्न विद्यार्थ्याने टाळता कामा नये. तो आपणांस अडचणीचा आहे, म्हणूनच टाळता कामा नये.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे. विद्यार्थ्याकडून प्रथम कलमाचा आकडा न घालता तत्त्व लिहवून घ्या. आकडे बदलतात. शाबितीच्या भाराचे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात १०१ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या १०४ व्या कलमात आले. ज्याने आकडा पाठ केला त्याचे ज्ञान त्या दिवशी संपले. ज्याने तत्त्व समजून घेतले त्याचे काहीही बिघडले नाही. नंतर पाहिलेले व ऐकलेले वेगळे लिहवून घ्या. विरुद्ध बाजूचे म्हणणे तिला मान्य होईल अशा शब्दांत लिहवून घ्या. आणि शेवटी विचारा : तुझा निष्कर्ष तुझ्या पुराव्यापेक्षा मोठा तर नाही ना ?

विद्यार्थी मित्रहो, राग सोडा असे मी म्हणत नाही. ज्याच्या आईला पाणवठ्यावरून परत पाठविले, त्याला राग येणारच. परंतु त्या रागाने तुम्हांला गावात पायी हिंडावयास, नोंदी तपासावयास, रात्र जागून अहवाल पुन्हा लिहावयास लावावे. अहवालात शिरून पुराव्याची जागा घेऊ नये. महाडचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. वादींच्या हाती रूढीचे बळ होते. जे सिद्ध करावयास हवे होते, ते मात्र त्यांना सिद्ध करता आले नाही. आपल्या अहवालाची तशी गत होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.