मोटारीची बॅटरी : अपराधी कोण?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून इतिहास, संगीत आणि साहित्य या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्यानंतर मोटारीच्या बॅटरीविषयी बोलावयास उभे राहणे म्हणजे श्रीखंडानंतर कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि सकाळी घाईच्या वेळी किल्ली फिरवावी आणि नुसता ‘कट्’ असा आवाज ऐकू यावा, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. आमच्यावर तो आला, त्याची किंमत आम्ही मोजली. म्हणूनच हे चार शब्द.

काही वर्षांपूर्वी पहाटे तीन वाजता बेळगावाहून निरोप आला. थोरले बंधू इस्पितळात असून दुपारी चारला शस्त्रक्रिया होणार होती. तत्पूर्वी आम्ही यावे अशी त्यांची इच्छा होती. के. आर. पुरमहून बेळगाव सुमारे पाचशे किलोमीटर. वेळेवर निघते तर दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचते. पण मोटार सुरू होईना. बॅटरी अवघी दहा आठवड्यांची, दोन वर्षांतली दुसरी! शेजाऱ्यांच्या मोटारीला तारा जोडून कशीबशी निघालो. तुमकूरपाशी चहाला थांबून यंत्र बंद केले, ते पुन्हा सुरू झाले नाही. साहाय्य मिळण्यात दिवस गेला. रात्री पोहोचलो, तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली होती. आत नेईपर्यंत बंधूंनी दोनदा विचारले होते, ‘तो आला का?’ त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

परत आल्यावर जुन्या मद्रास रस्त्यावरील एका वृद्ध कारागिरांकडे मोटार नेली. आयुष्याचा बराच काळ त्यांनी येथल्याच दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यात घालवला होता. १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा तो कारखाना आपणांस परिचित आहेच. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालते आणि शहराची वीज गेली तरी बंद पडत नाही. त्यामुळे बॅटरीकडे कसे पाहावे, हे त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. दुकानदाराने दोन्ही वेळा न मापताच ‘बॅटरी गेली’ असा निवाडा दिला होता. यांनी बॅटरीला हात लावण्यापूर्वी मीटर काढला. अल्टरनेटरच्या टोकापाशी १४.४ व्होल्ट दाब होता, बॅटरीपाशी केवळ १२.८! मधल्या तारेच्या कडीवर हिरवट गंज चढला होता. त्यांनी बॅटरीचे ऋण टोक सोडले, पॉलिश कागदाने कडी घासली, आवळून बसवली. पाव तासाचे काम. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आम्ही दोनदा दिली होती.

हे कसे घडते, हे समजण्यास घरखर्चाचे उदाहरण पुरे. अल्टरनेटर ही कमाई आणि बॅटरी ही शिल्लक. शिल्लक संपली तर दोष नेहमी तिजोरीचा नसतो. कमाई कमी असेल, कमाई वाटेत गळत असेल, अथवा रात्री कोणी गुपचूप उधळीत असेल. तिजोरी बदलून यांपैकी काहीच सुधारत नाही.

शिसे व सौम्य गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली सिद्ध केली. मोटारीच्या बॅटरीत सहा घर असतात व प्रत्येकात सुमारे २.१ व्होल्ट. म्हणून मोटार रात्रभर उभी राहिल्यानंतर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली समजावी, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी. १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. ही पहिली परीक्षा. दुसरी, यंत्र सुरू करताना दाब किती खाली जातो ती. भरलेली बॅटरी साडेनऊ व्होल्टच्याही खाली कोसळली, तरच तिच्यावर संशय घ्यावा. झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास हैड्रोमीटरने प्रत्येक घराचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. पाच घरांत १.२५ आणि एकात १.१५ आढळले, तर मात्र ती बॅटरी खरोखरच गेली.

तिसरी परीक्षा कमाईची. यंत्र चालू असता बॅटरीच्या टोकांपाशी साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. मग मोठे दिवे व हवेचा पंखा लावावा आणि यंत्राची गती थोडी वाढवावी. तरीही दाब १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, तो बॅटरीचे पाणी आटवील. काही नव्या मोटारींत संगणक हा दाब मुद्दाम कमी-अधिक करतो. तेथे मोटारीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

दाब कमी भरला तर अल्टरनेटर काढण्याची घाई करू नये. पट्टा सैल आहे काय, हे प्रथम पाहावे. नंतर मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या धन टोकाला व दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावावे. यंत्र व दिवे चालू असता तेथे ०.३ व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर वाटेत गळती आहे. अल्टरनेटरचे अंग व बॅटरीचे ऋण टोक यांमध्येही तसेच पाहावे. समोरचा लाल दिवा किल्ली फिरवताच लागून यंत्र सुरू होताच विझावा. पण तो विझला म्हणजे सारे क्षेम आहे, असे नव्हे. आमचा दिवा शेवटपर्यंत विझलेलाच होता. कारण अल्टरनेटर कमावीत होता, कमाई घरी पोहोचत नव्हती.

चौथी परीक्षा रात्रीच्या उधळपट्टीची. २०२३ साली बैयप्पनहळ्ळी ते कृष्णराजपुरम हा मेट्रोचा तुकडा जोडला गेल्यापासून पुष्कळांच्या मोटारी आठवडा-आठवडा दारी उभ्या असतात. कुलूप लावून अर्धा-पाऊण तास झाल्यावर मोटारीने ५० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह ओढू नये. अर्धा अँपिअर गळत असेल, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिती होते. सकाळी, यंत्र सुरू करण्यापूर्वी, अल्टरनेटरला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर आतील डायोडमधून रात्रभर गळती चालू आहे, असे समजावे.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे. २००३ साली येथील तारांवर तोललेला पूल वाहतुकीस खुला झाला, तरी टिन फॅक्टरीपासूनची कोंडी सुटली नाही. यंत्र मंद चालू असता अल्टरनेटर आपल्या पूर्ण शक्तीचा थोडाच अंश देतो आणि दिवे, पंखे व वातानुकूलन यांची मागणी तर पुरी असते. अशा रांगण्याने अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी होसकोटेच्या बाजूस तासभर मोकळी दौड द्यावी.

एक धोक्याची सूचना. जुन्या अँबॅसडर आणि फियाट मोटारींत डायनामो असे. त्या काळी यंत्र चालू असता बॅटरीची तार काढून परीक्षा करीत. अल्टरनेटरच्या मोटारीत हे कदापि करू नये. दाब एकदम उसळून डायोड आणि संगणक जळतात. तसेच बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तिच्याजवळ काडी ओढू नये. दुसऱ्या मोटारीच्या तारा जोडताना शेवटचा चिमटा बंद पडलेल्या मोटारीच्या यंत्राच्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावा.

हे सारे ज्या मीटरने होते, तो एका नव्या बॅटरीच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळतो. आमच्या मोटारीत तो आता कायम असतो. दिवाळीला बेळगावास निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही दाब पाहतो आणि मगच झोपतो. वाट पाहणारे आता तेथे कोणी नाही, तरी पाहतो. आपली वाट पाहणारे असतील. त्यांच्यासाठी आपण पाहावा, एवढीच विनंती.