पैसे भरून रेडिओ ऐकावा का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्यासपीठावर बोलण्याची सवय नाही, म्हणून चार शब्द लिहून आणले आहेत. मोठमोठे शब्द मला येत नाहीत, ते कोणी शोधू नयेत.

रेडिओ ऐकायला पैसे भरावेत का, असे आज कोणी विचारले तर मुले हसतील. पण एके काळी ते भरावेच लागत. आमच्या आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत रेडिओच्या परवान्याचे पुस्तक अजून जपून ठेवलेले आहे. वर्षाचे १५ रुपये, आणि तेही पोस्टात जाऊन भरायचे. पुढे १९८५ च्या सुमारास ही फी बंद झाली. १५ रुपये त्या काळी थोडे नव्हते. पण भरत होता एक आणि ऐकत होती सगळी आळी. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावर वर्षभर गीतरामायण झाले. गदिमांची ५६ गीते, चाल सुधीर फडक्यांची. ज्यांच्या घरी रेडिओ त्यांच्या ओसरीवर बायाबापड्या येऊन बसत, असे आमच्या घरातली वडीलधारी माणसे सांगत. परवाना कोणाच्या नावाचा, हे कोणी विचारत नसे.

यानंतर पैसे भरून ऐकण्याचा रेडिओ पुन्हा आला तो आकाशातून. वर्ल्डस्पेस हे त्याचे नाव. इथिओपियात जन्मलेल्या नोहा समारा या गृहस्थांनी ही कंपनी अमेरिकेत काढली. आफ्रिका आणि आशिया खंडांतील गोरगरीब देशांत, जिथे चांगले रेडिओ केंद्र नाही तिथे, उपग्रहावरून आवाज पोहोचवावा ही मूळ कल्पना. २१ मार्च २००० रोजी त्यांचा एशियास्टार हा उपग्रह वर गेला आणि आपला देशही त्याच्या टप्प्यात आला. जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून तो गाणी पाठवी. ए. आर. रहमान यांनी त्याची जाहिरात केली. चोवीस तास नुसते हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत देणारी 'गंधर्व' वाहिनी त्यावर होती. खरखर नाही, मध्येच साबणाची जाहिरात नाही. गाण्याच्या दर्दी माणसाला ते चैनीचे नव्हे, गरजेचेच वाटले असेल. त्यांना मी नावे ठेवणार नाही.

पण भगिनींनो, त्या रेडिओचे एक वैशिष्ट्य पुरुषमंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. त्याला वेगळा संच लागे आणि संचाची चपटी अँटेना उपग्रहाच्या दिशेला नेमकी रोखून ठेवावी लागे. मध्ये भिंत किंवा झाड आले की आवाज गेला. आपल्या भागातून ती दिशा आग्नेय. आता वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेयेला स्वयंपाकघर असते म्हणतात. ज्यांनी तसे बांधले त्यांचे बरे! आपल्या भिंगारच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे मागची अंधारी खोली. खिडकी असली तर शेजारच्या भिंतीला टेकलेली. म्हणजे हा रेडिओ बसायचा बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, पाहुण्यांना दिसेल असा. भाकरी थापणाऱ्या बाईपर्यंत त्यातले काय पोहोचणार? फोडणीच्या आवाजात तेही नाही.

आपण रेडिओ ऐकतो तो बसून नव्हे. हात कामात असतात आणि कान मोकळे असतात, म्हणून रेडिओ आपला. मुंबई केंद्राचा 'वनितामंडळ' कार्यक्रम किती जणींनी गहू निवडता निवडता ऐकला असेल! आपल्या भिंगारला तर छावणीमुळे फौजी घरे पुष्कळ. नवरा सरहद्दीवर आणि इकडे विविध भारतीवर फौजी भावांसाठी 'जयमाला' लागलेली. तेच गाणे तिकडे तोही ऐकत असेल या एवढ्याशा आधारावर संध्याकाळ काढलेल्या बायका याच गल्लीत आहेत. लहानसा ट्रान्झिस्टर फडताळात राहतो, मोरीपाशी येतो, उशाशीही येतो. त्याला आग्नेय दिशा लागत नाही.

वर्ल्डस्पेसचे पुढे काय झाले तेही सांगते. २००८ च्या ऑक्टोबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला हिंदुस्थानातील सेवा बंद झाली. संच घरात आणि गाणी बंद. ट्रान्झिस्टर करणारा कारखाना उद्या बंद पडला तरी ट्रान्झिस्टर वाजतच राहतो. हा फरक मला फार मोठा वाटतो. दरमहा पैसे देऊन ऐकलेले गाणे आपल्या मालकीचे कधीच होत नाही. पैसे थांबले की तेही थांबते, आणि कधी कधी पैसे भरलेले असूनही थांबते.

मग उपग्रहाचा रेडिओ अगदीच टाकाऊ का? तसे मी म्हणणार नाही. माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे सिरियस एक्सएम नावाचा असाच रेडिओ चालतो. २००८ साली दोन कंपन्या एकत्र होऊन तो झाला. नवी मोटार घेतली की काही महिने फुकट ऐकायला मिळतो, मग पैसे मागतात. भाचीने मला फोनवर विचारले, "मावशी, घेऊ का गं?" मी म्हटले, "तू रोज किती वेळ मोटारीत असतेस?" म्हणाली, जाऊन येऊन तीन तास. एफएमचे केंद्र काही कोसांपुढे ऐकू येत नाही, आणि मोटारीच्या टपाला तर मोकळेच आकाश. मी म्हटले, मग घे. पण वर्षभराने हिशेब कर, आणि मोटार दारातच उभी राहू लागली तर लगेच बंद कर. पुष्कळशी माणसे बंद करायला विसरतात, यावरच असे धंदे चालतात असे माझे मत आहे.

आपल्याकडे मात्र उपग्रहावरचा फुकट रेडिओसुद्धा आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? दूरदर्शनच्या फ्री डिशला दरमहा काही द्यावे लागत नाही, आणि तिच्यावर आकाशवाणीच्या कितीतरी वाहिन्या लागतात. त्यासाठी टीव्ही चालू हवा, एवढीच अडचण. आणि टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात असतो ते मी सांगायला नको. मोबाइलवरही आकाशवाणी फुकट मिळते. पण त्याला नेट लागते, आणि घरातला चांगला मोबाइल मुलाबरोबर कॉलेजात जातो.

आता मूळ मुद्दा. शिवणवर्गात गाणी लावावीत म्हणून मंडळाच्या शिलकेतून दरमहा पैसे भरून सोय घ्यावी, अशी सूचना मागच्या बैठकीत आली. "फुकटचे ते फुकटचेच," असेही एक ताई म्हणाल्या. ताईंचा मान राखून सांगते, नगर आकाशवाणी १००.१ वर स्वच्छ ऐकू येते आणि आपल्या शिवणयंत्रांच्या खडखडाटात त्याहून स्वच्छ आवाजाचा उपयोग नाही. दरमहाची वर्गणी एकदा सुरू केली की ती कोणी थांबवायची, यावरून पुढच्या वर्षी भांडण होईल ते वेगळेच.

त्याऐवजी माझी सूचना अशी. त्या पैशांतून दोन ट्रान्झिस्टर घ्यावेत. आपल्या आळीत अंथरुणाला खिळलेल्या तीन म्हाताऱ्या आहेत. त्यांपैकी एकीला दिसत नाही. घरची माणसे कामाला गेली की सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज तिच्या कानावर पडत नाही. तिला मोबाइलचे बटण सापडणार नाही, पण गोल चकती फिरवता येईल. ट्रान्झिस्टर मंडळाचे राहतील, महिना महिना आळीपाळीने द्यावेत. दिसत नाही तिच्याकडचा मात्र हलवू नये. सेलचा खर्च मंडळाने करावा आणि सेल बदलायला ज्या बाईची पाळी असेल तिने तिथे थोडा वेळ बसून यावे. पहिल्या महिन्याची पाळी मी घेते. हरकत असेल तर अध्यक्षीणबाईंनी आजच विचारून घ्यावी, म्हणजे सोमवारी बाजारात जाता येईल.