थेंब टाकण्यापूर्वीची बाहुली



अध्यक्षाने पहिली दहा मिनिटे आभारात घालवावीत असा रिवाज आहे. ती मी वाचवतो, कारण मला सांगायचे आहे ते आपल्या सगळ्यांच्या ओपीडीत रोज सकाळी घडते. पेशंट येतो, त्याचा नंबर तपासून होतो आणि आपला सहायक त्याच्या डोळ्यांत ट्रॉपिकामाइड व फिनाइलेफ्रिनचे थेंब टाकतो. पहिले औषध परानुकंपी चेतांचा हुकूम बाहुलीपर्यंत पोहोचू देत नाही. दुसरे अनुकंपी चेतांचे काम स्वतःच उरकते. अर्ध्या तासाने बाहुली मोठी झाली की आपण आत डोकावतो, रेटिना पाहतो आणि निदान लिहितो. शरीराची स्वायत्त चेतासंस्था सुई न टोचता, फुकटात, टॉर्चच्या उजेडात दिसेल अशी एक जागा होती. ती आपण स्वतः पाहण्याआधीच पुसून टाकलेली असते.

वीस-वीस वर्षे मधुमेह असलेल्या पेशंटच्या बाहुल्या लहान असतात, अंधारात त्या मोठ्या होत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. पण त्यावर आपली प्रतिक्रिया काय असते? ‘अजून खुली नाही का? पुन्हा टाका.’ बाहुली उघडणाऱ्या अनुकंपी तंतूंना मधुमेहाने ग्रासले आहे, ही नोंद आपल्या लेखी नुसती अडचण ठरते. डेव्हिड ईविंग आणि त्यांच्या एडिंबरातील सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आठवा. स्वायत्त चेतांच्या चाचण्या ज्या मधुमेहींच्या बिघडलेल्या होत्या, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक पाच वर्षांत दगावले होते. उपचार तेव्हापासून पुष्कळ सुधारले हे खरे, पण ती लहान बाहुली केवळ डोळ्याची गोष्ट नाही एवढे त्यातून कळायला हरकत नाही.

आता रेटिनाकडे येतो. इथे शरीररचनेने एक चमत्कारिक वाटणी करून ठेवली आहे. रेटिनाच्या मुख्य धमनीसोबत स्वायत्त चेतातंतू येतात, पण ते लॅमिना क्रिब्रोसापाशीच थांबतात. त्यापुढे, डोळ्याच्या आत, रेटिनाच्या रक्तवाहिन्यांवर एकही चेतातंतू नाही. आपला प्रवाह त्या आपला आपणच सांभाळतात. याउलट कोरॉइड. डोळ्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक रक्त त्यातून वाहते आणि त्यावर दोन्ही चेतांचे दाट जाळे आहे: अनुकंपी तंतू मानेतल्या वरच्या गंडिकेतून येतात, परानुकंपी मुख्यतः टेरिगोपॅलाटाइन गंडिकेतून. आपल्या इंदूरचे पाणी जसे जलूदहून येते आणि पंप तिकडे थांबला की नळ इकडे कोरडा पडतो, तसे कोरॉइडचे आहे. आणि ज्या जागेने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, त्या फोव्हियाला रेटिनाची स्वतःची रक्तवाहिनीच नाही. तिचे पोषण सर्वस्वी कोरॉइडवर.

म्हणूनच सेंट्रल सिरस, म्हणजे कोरॉइडमधून पाणी गळून रेटिनाच्या मध्याखाली साचण्याचा आजार, मला या विषयाचा खरा दरवाजा वाटतो. १८६६ साली फॉन ग्रॅफे यांनी त्याचे वर्णन केले तेव्हा त्यांनी तो उपदंशाच्या खाती टाकला. पुढे तो कशाकशाच्या खाती पडला याची यादी मोठी आहे. १९८२ साली जपानमध्ये योशिओका आणि सहकाऱ्यांनी माकडांना वारंवार ॲड्रिनॅलिनची इंजेक्शने दिली आणि त्यांच्या डोळ्यांत हुबेहूब तशीच गळती दिसली. १९८७ साली यानुझी यांनी या पेशंटांच्या उतावळ्या, स्पर्धाखोर स्वभावावर बोट ठेवले. आणि २००६ साली दिल्लीच्या एम्समध्ये तिवारी व सहकाऱ्यांनी या पेशंटांच्या स्वायत्त चेतांच्या चाचण्याच घेतल्या. त्यांत अनुकंपी बाजू जड आणि परानुकंपी बाजू हलकी निघाली. हे काम आपल्याच देशात झाले आहे. त्याची आठवण आपल्या व्याख्यानांत फारशी का निघत नाही, हे मला कळत नाही.

इंदूरच्या आसपास हा आजार शोधायला लांब जावे लागत नाही. पिथमपूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा पस्तिशीचा माणूस, सराफ्यात मध्यरात्रीनंतरही कढई चालवणारा कारागीर, घोरणारा आणि दिवसा पेंगणारा व्यापारी. पाळ्यांची नोकरी आणि सेंट्रल सिरस यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराचाही. कारण श्वास अडकला की दर वेळी अनुकंपी चेता खडबडून जाग्या होतात. पण याहून पक्के कारण आपल्या पेशंटच्या खिशात असते: स्टेरॉइड. गोळी असेल, दम्याचा पंप असेल, नाकातला फवारा असेल, गुडघ्यातले इंजेक्शन असेल किंवा गोरे होण्यासाठी मेडिकलवरून आणलेली ट्यूब असेल. ‘कोणतं औषध घेता?’ या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असेच येते, कारण क्रीमला कोणी औषध म्हणत नाही. क्रीम आणि पंपाविषयी वेगळे विचारावे लागते.

इथे एक सावधगिरी. रोगाचे कारण नीट जुळले की उपचारही त्याच वाटेने सापडेल असे वाटू लागते. तसे झालेले नाही. बीटा ब्लॉकर वापरून पाहिले गेले, फार हाती लागले नाही. एप्लेरेनोन या औषधावर कित्येक वर्षे आपला विश्वास होता. २०२० साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत ते नुसत्या प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. त्यामुळे ‘टेन्शन मत लो’ हे वाक्य आपण पेशंटला सांगतो तेव्हा तो उपचार नव्हे, हे आपल्याला तरी ठाऊक असावे. रात्रपाळी करणाऱ्याला ते ऐकून आणखी टेन्शन येते.

मधुमेही रेटिनोपॅथीत चेतांचा वाटा अजून पुरता उलगडलेला नाही, पण जे दिसले आहे ते मला फार बोलके वाटते. प्रयोगशाळेत उंदरांचा डोळ्याकडे जाणारा अनुकंपी पुरवठा तोडला, तर मधुमेह नसतानाही रेटिनाच्या केशवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइट पेशी कमी होतात आणि भित्तिका जाड होतात. मधुमेहात सुरुवातीला आपण हेच बदल पाहतो. २००९ सालच्या दुसऱ्या एका कामात मधुमेही उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या चेता झडलेल्या आढळल्या. त्यामुळे रक्तवाहिन्या दुरुस्त करणाऱ्या पेशी ठरल्या वेळी रक्तात उतरत नव्हत्या, आणि रेटिनातला बिघाड त्यानंतर दिसला. रेटिनाचा आजार हाडांच्या पोकळीत सुरू होत असेल, ही कल्पना आपल्या लेझरच्या यंत्राला जरा नम्र करणारी आहे. त्यात भर रात्रीच्या रक्तदाबाची. निरोगी माणसात तो झोपेत उतरतो. स्वायत्त चेता बिघडलेल्या मधुमेहीत बऱ्याचदा उतरत नाही, आणि आधीच दुबळ्या झालेल्या केशवाहिन्यांना रात्रभर उसंत मिळत नाही. सकाळी आपल्या क्लिनिकमध्ये घेतलेल्या एका आकड्यात हे कुठेच दिसत नाही. भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत असे आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ साली सांगितले. स्वायत्त चेतांचा हा बिघाड कळावा म्हणून त्यातल्या किती जणांचा रक्तदाब आपण उभे करून मोजला आहे?

आता योगाविषयी. याच इंदूर शहरात १९३५ सालच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. साहित्यापेक्षा सूर्यनमस्कारांसाठी ते अधिक ओळखले गेले, आणि लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली प्राणायामाला प्रयोगशाळेत आणले. तेव्हा पेशंटने ‘योग करू का?’ असे विचारले की निदान मराठी डॉक्टरने तरी खांदे उडवू नयेत. उत्तर सरसकट नाही. संथ श्वासाने परानुकंपी बाजू बळावते हे मोजता येते आणि त्यात अपाय नाही. पण रेटिना त्याने बरा होतो असे मी म्हणणार नाही. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. ज्याच्या रेटिनावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवल्या आहेत त्याने ते करू नये आणि श्वास कोंडून जोरही लावू नये. तसाच जोर लावायला लावणारी, ईविंग यांच्या चाचण्यांतली व्हॅल्साल्व्हा चाचणीदेखील अशा डोळ्यात टाळायची असते. फिजिशियन मित्राला हे आधी कळवणे आपले काम आहे.

नवजात अतिदक्षता विभागातल्या आपल्या सहकाऱ्यांना हा विषय माझ्याहून जवळचा आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा रेटिना तपासताना पापणी ताणली, डोळा दाबला की ट्रायजेमिनल चेतेतून निघालेला संदेश व्हेगसवाटे हृदयाकडे जातो आणि मॉनिटरवरचा आकडा घसरतो. हा प्रतिक्षेप १९०८ सालापासून माहीत आहे. म्हणून शेजारी नर्स हवी, आणि थेंब मोठ्यांच्या बाटलीतले नकोत. पाच टक्क्यांचे फिनाइलेफ्रिन अडीचवर आणूनच वापरावे आणि गालावर ओघळलेला थेंब लगेच टिपावा. अशा बाळांना होणाऱ्या रेटिनाच्या आजारावर प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकरही वापरून पाहिले गेले. रेटिनाला थोडा फायदा दिसला, पण तोंडाने दिलेल्या औषधाने काही बाळांचा रक्तदाब आणि नाडी इतकी खाली आली की संशोधकांना थेंबांकडे वळावे लागले.

माझा प्रस्ताव लहान आहे आणि तो आजच्या ठरावांत घ्यावा अशी विनंती आहे. मधुमेही आणि सेंट्रल सिरसच्या केसपेपरवर, थेंबांच्या रकान्याच्या वर, तीन नवे रकाने छापावेत. पहिला, मंद उजेडात बाहुली किती मिलिमीटर. दुसरा, आडवे असताना आणि उभे राहून तीन मिनिटांच्या आतला रक्तदाब. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला तर पेशंट फिजिशियनकडे. तिसरा, स्टेरॉइड: गोळी, पंप, फवारा, इंजेक्शन, क्रीम, प्रत्येकासमोर हो-नाही. यातले पहिले दोन आपला ऑप्टोमेट्रिस्ट पाच मिनिटांत करतो. त्याला फक्त सांगावे लागेल की बाटली उघडण्याआधी करायचे आहे. वेळ नाही असे कुणी म्हणणार असेल, तर थेंब चढायची वाट पाहत पेशंट बाकावर अर्धा तास बसलेलाच असतो, आणि तिसऱ्या रकान्याला ती वेळ पुरते. छपाईचा खर्च खजिनदारांना जड वाटला तर पहिल्या हजार केसपेपरचा मी देतो.