छातीत कळ आली आणि ईसीजी चांगला आला, तरी

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या सत्रातील भाषण)



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बँकेत जन्म काढला. सही जुळली तरी खातं तपासूनच पैसे द्यायची सवय लागली. आज ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, तो हार्ट अटॅकची सही हुबेहूब करतो.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. डॉक्टर तिला एओर्टा म्हणतात. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर अचानक फाटला की रक्त थरांच्या मध्ये घुसतं आणि भिंत उकलत जाते. याचं नाव एओर्टिक डिसेक्शन. बहुतेकांच्या मागे वर्षानुवर्षं वाढलेलं ब्लडप्रेशर असतं. काही घराण्यांत भिंतच मुळात कमजोर असते. हार्ट अटॅकपेक्षा हा खूप दुर्मिळ. पण हृदयाजवळ फाटलं आणि उपचार झाले नाहीत, तर सुरुवातीला दर तासाला मृत्यूचा धोका एक-दोन टक्क्यांनी वाढतो. हा व्याजदर दर तासाचा आहे, मंडळी!

हार्ट अटॅकची कळ बहुधा चढत जाते, छातीवर वजन ठेवल्यासारखी. ही एका क्षणात येते आणि पहिल्या मिनिटालाच सर्वांत तीव्र असते. छातीत, किंवा पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधोमध. कधी पोटाकडे सरकते. माणूस म्हणतो, आत काहीतरी फाटलं. चक्कर येते, एखादा पाय लुळा पडतो, बोलणं अडखळतं. दोन्ही हातांच्या प्रेशरमध्ये २० पेक्षा जास्त फरक असला तर संशय बळावतो. नसला म्हणून सुटका नाही. ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा "गॅस असेल" म्हणून घरी परतू नका. "कळ अचानक आली, पाठीत गेली" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. खात्री सीटी अँजिओग्राफीने होते.

छातीत दुखलं की ॲस्पिरिन चघळा, असा मेसेज आपल्या ग्रुपवर दर महिन्याला येतो. हार्ट अटॅकमध्ये ती उपयोगी, हे खरंच. पण डिसेक्शनमध्ये रक्त पातळ करणारी औषधं, विशेषतः गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, जिवावर बेतू शकतात. म्हणून आधी फोन, मग डॉक्टरांना विचारून गोळी.

हॉस्पिटलात वेदना थांबवतात, नाडी ६० च्या खाली आणि वरचं प्रेशर १२० च्या आत आणतात. हृदयाजवळचं असेल तर तातडीचं ऑपरेशन. खालच्या भागाचं पुष्कळदा औषधांवर निभावतं.

"आता या वयात कशाला ऑपरेशन?" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. या आजाराच्या शस्त्रक्रियेचे एक जनक, अमेरिकेचे डॉ. मायकेल डिबेकी, यांना २००५ च्या डिसेंबरात हाच आजार झाला. वय ९७! २००६ मध्ये ऑपरेशन झालं आणि ते २००८ पर्यंत जगले.

आता आपलं भरे. इथून पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक. संध्याकाळची तिथली गर्दी तुम्हाला मी काय सांगू? १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून मोफत आहे, सोबत डॉक्टर असतात. पेशंटला स्कूटरवर बसवू नका. सीटी आणि हृदयाची शस्त्रक्रिया दोन्ही एकाच ठिकाणी होतात असं हॉस्पिटल मागा. आणि रात्री गेटवर कुणीतरी टॉर्च घेऊन उभं राहा, कारण आपली पाटी झाडामागे गेली आहे. कमिटीने नोंद घ्यावी.

येत्या शनिवारी सकाळी आठला मी क्लबहाऊसमध्ये प्रेशरचं मशीन घेऊन बसतो. दोन्ही हातांचं मोजू. आपल्या गोळ्यांची यादी सोबत आणा, फाइलला लावून देतो.