सराफाच्या पावतीवरचे तीन टक्के



धनत्रयोदशीला किंवा गुढीपाडव्याला एक ग्रॅमचे सोन्याचे नाणे घेणाऱ्या गृहस्थाच्या पावतीच्या तळाशी दोन ओळी छापलेल्या असतात. केंद्राचा कर दीड टक्का, राज्याचा कर दीड टक्का. एकूण तीन. ही पावती क्वचितच कुणी वाचतो, आणि वाचली तरी एवढ्या महागड्या वस्तूवर इतका थोडा कर कसा, असे त्याला वाटते. तसे वाटणे चुकीचे नाही. परंतु हे तीन टक्के कोणाकडून, किती वेळा आणि कोणत्या सोन्यावर घेतले जातात, हे पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ लागत नाही.

आरंभ ३ जून २०१७ च्या बैठकीपासून करणे सोयीचे. त्या दिवशी वस्तू व सेवा कर परिषदेने उरलेल्या काही वस्तूंचे दर ठरवले. सोन्यावर तीन टक्के ठरले, बिस्किटांवर अठरा टक्के ठरले आणि विडीवर अठ्ठावीस. एकाच टेबलावर, एकाच दिवशी. चहाबरोबर दोन बिस्किटे खाऊन पाळीला जाणारा कामगार आणि सोन्याची लगड घेणारा व्यापारी यांच्यात करव्यवस्थेने केलेला भेद इतक्या उघडपणे क्वचितच कागदावर आला असेल. बिस्किटांवरील दर पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांवर आला. पण तोवर आठ वर्षे गेली होती. सोने मात्र त्या फेररचनेतही तिनावरच राहिले. पाच, अठरा आणि चाळीस या नव्या पायऱ्यांच्या बाहेर, स्वतःच्या वेगळ्या पायरीवर.

सोन्यावर दर इतका कमी का, याचे सरकारी उत्तर ठरलेले आहे आणि त्यात तथ्यही आहे. सोने लहान जागेत मावते, खिशातून नेता येते, वितळवले की त्याची ओळख पुसली जाते. कर वाढवला की चोरटी आयात वाढते आणि पावतीविना व्यवहार फोफावतो. विक्रीकराचा इतिहासही हेच सांगतो. या देशात विक्रीकराचा पहिला प्रयोग १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात पेट्रोल व वंगणावर झाला. १९३९ मध्ये मद्रासेत राजगोपालाचारींनी तो सर्वसाधारण वस्तूंवर आणला. मुंबई प्रांतात तो १९४६ पासून सुरू झाला. पुढे मूल्यवर्धित कराच्या काळात, म्हणजे महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ नंतर, सोन्यावर एक टक्का व त्याच्या आसपासच दर राहिला. राज्ये एकमेकांना घाबरत. शेजारच्या राज्यात दर कमी असेल तर गिऱ्हाईक तिकडे जाईल, ही धास्ती असे.

याचा सरळ अर्थ असा की सोन्यावरील दर ठरवताना करदात्याची ऐपत पाहिली जात नाही. त्याची कर चुकवण्याची ताकद पाहिली जाते. ज्याला लपवता येते त्याला सवलत. विडी वळणाऱ्या बाईच्या तंबाखूला लपायला जागा नाही, म्हणून तिच्या मालावर तेव्हा अठ्ठावीस ठरले.

सराफ व्यापाऱ्यांच्या संघटित शक्तीचाही यात वाटा आहे. २०१२ च्या अर्थसंकल्पात बिगरछापाच्या दागिन्यांवर उत्पादनशुल्क आणले गेले, दुकाने बंद झाली, आणि मे महिन्यात ते मागे घेतले गेले. २०१६ मध्ये एक टक्का उत्पादनशुल्क पुन्हा आले, तेव्हा २ मार्चपासून सुमारे सहा आठवडे सराफकट्टे बंद राहिले. त्या वेळी सरकार हटले नाही, हे मान्य केले पाहिजे. या बंदच्या काळात हातावर पोट असलेल्या कारागिरांच्या चुली कशा चालल्या असतील, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

मालाच्या वाहतुकीचेच उदाहरण पाहावे. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर लहान कारखानदाराला संगणकावरून वाहतुकीचा परवाना-कागद काढावा लागतो. दागिने आणि सोने मात्र या नियमातून मुळापासूनच वगळलेले होते. राज्यांतर्गत वाहतुकीपुरती ही सूट काढण्याची मुभा २०२३ मध्ये राज्यांना मिळाली, आणि केरळने जानेवारी २०२५ पासून दहा लाखांवरील मालासाठी ती वापरली. लोखंडी खिळ्यांच्या पेटीवर जी नजर आहे ती सोन्याच्या पेटीवर ठेवायला राज्ययंत्रणेला इतकी वर्षे लागावीत, हे बोलके आहे.

तर मग तिनाचे दहा टक्के करावेत, अशी मागणी काही तरुण कार्यकर्ते करतात. ती सुचणे स्वाभाविक आहे, पण ती चुकीच्या माणसाला लागेल. ते का, हे समजण्यासाठी श्रमिक कुटुंबातल्या सोन्याकडे पाहावे लागते.

या देशातल्या कष्टकरी बाईचे सोने ही हौस फार थोडी आणि बँक फार मोठी असते. मंगळसूत्राच्या दोन वाट्या, कानातले, एखादी पोत. आदिवासी भागात चांदीचे कडे, गळ्यात राणीछाप रुपयांची माळ. नाणे, दागिना आणि ठेव या तिन्ही गोष्टी तिथे एकच आहेत. कायदा मात्र त्यांना निराळे मानतो, आणि कधी कधी मोठ्या गमतीने. वस्तू व सेवा कर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पैसा ही वस्तू नव्हे, त्यामुळे पैशावर हा कर नाही. पण जे चलन संग्रहमूल्यासाठी बाळगले जाते ते पैसा राहत नाही. ते वस्तू होते. एकच नाणे एका हातात चलन आणि दुसऱ्या हातात माल! २०१५ मध्ये सरकारने स्वतः सोन्याचे नाणे काढले. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी. ते चलन नव्हतेच. लगडीसारखा तोही विक्रीचा मालच होता.

आता या बाईच्या व्यवहाराचा हिशेब. भाव रोज बदलतात, म्हणून सोयीसाठी दहा ग्रॅमला एक लाख रुपये धरले तर हिशेब असा होतो. तिच्याकडे दहा ग्रॅमचा जुना दागिना आहे. मुलीच्या लग्नासाठी तो देऊन बारा ग्रॅमचा नवा घ्यायचा आहे. नव्या सोन्याची किंमत एक लाख वीस हजार. घडणावळ दहा टक्के धरली तर बारा हजार. एकूण एक लाख बत्तीस हजार. पेढी त्यावर तीन टक्के लावते : तीन हजार नऊशे साठ रुपये. वास्तविक तिने नव्याने घेतले ते दोन ग्रॅम सोने आणि कारागिराचे श्रम, म्हणजे बत्तीस हजारांचा माल. त्यावरचा कर होतो नऊशे साठ. वरचे तीन हजार तिने स्वतःच्याच सोन्यावर भरले. त्या सोन्यावर ते पहिल्यांदा विकत घेतले तेव्हाच कर भरला गेला होता.

व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने खरेदीवर भरलेला कर त्याला पुढच्या करातून वजा मिळतो. साखळीत त्याच्यावर बोजा राहत नाही. बाई साखळीच्या शेवटी उभी आहे, तिला वजावट नाही. ती जुना दागिना सराफाला विकते तेव्हा त्यावर कर नसतो. जुलै २०१७ मध्ये यावरून काही काळ गोंधळ झाला, मग सरकारने खुलासा केला. पण तिने पूर्वी भरलेला करही तिला परत मिळत नाही. गहाण ठेवायला गेली तर तारण म्हणून वजन आणि शुद्धता पाहिली जाते. घडणावळ आणि कर दोन्ही बुडाले.

याच कायद्यात एक न्याय्य वाटही आहे. स्वतःचे सोने सोनाराला देऊन त्याच्याकडून दागिना घडवून घेतला, तर कर फक्त मजुरीवर, पाच टक्के. आणि सोनार लहान असून नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर तोही नाही. म्हणजे गावातल्या सोनाराच्या भट्टीपुढे बसून केलेला व्यवहार कायद्याला समजतो. मोठ्या पेढीच्या काचेच्या कपाटापुढे तोच व्यवहार ‘अदलाबदल’ या नावाने होतो आणि पूर्ण किमतीवर कर लागतो. गावोगावचे सोनार मागे पडत चालले आहेत, त्यामुळे ही वाटही आपोआप अरुंद होत आहे.

आता दुसऱ्या टोकाचे सोने. नोव्हेंबर २०१५ पासून सरकारने सुवर्णरोखे काढले. व्यक्तीला पुढे एका वर्षात एक ग्रॅमपासून चार किलोपर्यंत घेता येऊ लागले. कागदावरचे सोने हे कायद्याने प्रतिभूती. वस्तूही नव्हे, सेवाही नव्हे. म्हणून त्यावर तीन टक्के नाहीत. वर वार्षिक व्याज, बहुतेक मालिकांवर अडीच टक्के. संगणकावरून पैसे भरले तर पुढे ग्रॅममागे पन्नास रुपये सूटही मिळू लागली. पहिल्या मालिकेचा भाव ग्रॅमला २,६८४ रुपये होता. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याची परतफेड ६,१३२ रुपयांनी झाली, आणि मधल्या नफ्यावर मूळ खरेदीदाराला भांडवली लाभाचा कर नव्हता. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघाले नाहीत, पण निघालेल्यांची देणी २०३२ पर्यंत सरकारच्या तिजोरीवर आहेत. सोन्याचा भाव चढेल तसा हा बोजा चढतो आणि तो फेडला जातो सर्वसाधारण महसुलातून. त्या महसुलात बिस्किटांचा कर आहे, आणि त्या बाईचे तीन हजारही आहेत.

युरोपात हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला गेला. १ जानेवारी २००० पासून तिथे गुंतवणुकीच्या सोन्याला, म्हणजे लगडी आणि ठरावीक शुद्धतेच्या नाण्यांना, मूल्यवर्धित करातून सूट मिळाली. दागिन्यांवर मात्र पूर्ण दर. त्या समाजात दागिना चैनीचा आणि नाणे गुंतवणुकीचे, म्हणून ती विभागणी जुळते. इथे ती उचलून आणली तर नेमकी उलटी पडेल. इथल्या गरिबाची गुंतवणूक दागिन्यात आहे.

म्हणून विक्रीकराचा दर वरखाली करण्याने प्रश्न सुटत नाही. विक्रीकर सोन्याला हलताना पाहतो. तिजोरीत स्वस्थ पडलेले सोने त्याला दिसत नाही. ते पाहणारा एक कर या देशात होता. प्राध्यापक कॅल्डॉर यांच्या शिफारशीनंतर १९५७ मध्ये संपत्तिकर आला. १९९० नंतरच्या फेरबदलांत शेअर आणि ठेवी त्यातून वगळल्या गेल्या, पण दागिने आणि लगडी राहिल्या. शेवटी शेवटी तीस लाखांवरील अशा संपत्तीवर एक टक्का कर होता. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. कारण दिले गेले की २०१३-१४ मध्ये त्यातून सारे मिळून १,००८ कोटी रुपयेच आले. कर वसूल होत नाही म्हणून रद्द करायचा, हा न्याय विडीच्या बाबतीत कधी लावला गेला नाही. आणि योगायोग असा की सुवर्णरोख्यांची घोषणा त्याच अर्थसंकल्पात झाली. साठवलेल्या सोन्यावरचा कर गेला आणि कागदी सोन्यावरचे व्याज आले, एकाच भाषणात.

संपत्तिकर परत आणा म्हटले की मध्यमवर्गीय माणूस बिचकतो. भाव इतके वाढले आहेत की तीस लाखांची मर्यादा आज फारशी उंच राहिलेली नाही, हे खरे आहे. पण मर्यादा रुपयांत कशाला हवी? ती वजनात ठेवता येते, आणि तिचे माप प्रशासनाजवळ तयार आहे. ११ मे १९९४ च्या सूचनेनुसार प्राप्तिकराच्या झडतीत विवाहित स्त्रीचे पाचशे ग्रॅम, अविवाहितेचे अडीचशे आणि पुरुषाचे शंभर ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करायचे नसतात. तीच मर्यादा संपत्तिकरासाठी ठेवली तर कोणत्या गिरणी कामगाराच्या, शेतमजुराच्या किंवा शिक्षिकेच्या घरी तो पोहोचेल?

सोन्यावर हात टाकायचा म्हटले की जुन्या कार्यकर्त्यांना सोने नियंत्रणाची आठवण होते, आणि ती व्हायलाच हवी. १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी चौदा कॅरेटची अट आणली. हजारो सोनारांचा धंदा बसला, आणि चोरटे सोने येतच राहिले. १९६८ चा सोने नियंत्रण कायदा अखेर १९९० मध्ये मधु दंडवते अर्थमंत्री असताना रद्द झाला. समाजवादी अर्थमंत्र्याने सोन्यावरचे नियंत्रण उठवावे, यात काहींना त्या वेळी विसंगती दिसली. तशी ती नव्हती. तो कायदा कारागिराच्या भट्टीवर पहारा ठेवत होता. साठेबाजाच्या तिजोरीपर्यंत तो कधी गेलाच नाही.

जुन्या दागिन्याच्या अदलाबदलीत कर फक्त वाढीव सोन्यावर आणि घडणावळीवर असावा, ही मागणी वस्तू व सेवा कर परिषदेत कोणत्याही राज्याचा अर्थमंत्री मांडू शकतो. परिषदेत राज्यांच्या मतांना दोनतृतीयांश वजन आहे आणि निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या संमतीशिवाय ती मंजूर होणार नाही, पण चर्चेला यायला कुणाची आडकाठी नाही. संपत्तिकराचा अधिकार राज्यघटनेच्या संघसूचीत, शहाऐंशीव्या नोंदीत आहे. तो लढा संसदेत आणि संसदेबाहेर लढावा लागेल. पहिली मागणी मात्र महाराष्ट्राच्या विधिमंडळात येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनातही विचारता येण्यासारखी आहे.