सुई न टोचता यकृताची पारख



आशापुरी मातेच्या या एडवण गावात या आरोग्य परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. सफाळ्याला गाडीतून उतरून आपण इथवर आलात, याचा गावाला आनंद आहे.

ही परिषद किनाऱ्यावर भरवण्यामागे कारण आहे. इथले मच्छीमार, बागायतदार, आदिवासी मजूर आणि तारापूरच्या कारखान्यांत पाळ्या करणारे कामगार अंगावर दुखणे काढतात. यकृत तर दुखतही नाही. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, मधुमेह, लठ्ठपणा यांमुळे त्यात वर्षानुवर्षे वण साचत जातात. पोटात पाणी झाले किंवा रक्ताची उलटी झाली की माणूस दवाखाना गाठतो. तोवर वण वाढून सिरॉसिस झालेला असतो.

पूर्वी या वणांची खात्री करायला बायोप्सी लागे. सुईने काढलेला तुकडा म्हणजे यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग. शिवाय वेदना आणि रक्तस्रावाची धास्ती. 2003मध्ये फ्रेंच संशोधकांनी फायब्रोस्कॅनचे तंत्र मांडले. फासळ्यांमधल्या जागेवर प्रोब ठेवून हलका धक्का देतात. यकृत जितके ताठर, तितकी आतली लहर वेगाने धावते. तिच्या वेगावरून ताठरपणा किलोपास्कलमध्ये कळतो. किमान तीन तास उपाशी राहायचे, दहा मापे घ्यायची. काही मिनिटांत काम होते. 2021च्या बव्हेनो तज्ज्ञ परिषदेच्या मार्गदर्शनानुसार 10 किलोपास्कलच्या खालचे माप बहुधा गंभीर आजार नाकारते, 15च्या वरचे त्याची दाट शंका दाखवते. मात्र यकृताला सूज असली किंवा हृदयविकार असला, तरी माप वाढते. म्हणून आकडा रुग्णाला तपासूनच वाचला पाहिजे.

यंत्र गावोगावी नाही, हे खरे. पण वय, रक्तातली एएसटी व एएलटी ही विकरे आणि प्लेटलेट यांवरून फिब-4 हा निर्देशांक काढता येतो. प्रौढांमध्ये तो 1.3च्या खाली असेल, तर वाढलेल्या फायब्रोसिसची, म्हणजे यकृतातल्या वणांची, शक्यता कमी. पासष्टीनंतर ही मर्यादा 2 धरतात. बी आणि सी हिपॅटायटिसची तपासणी व औषधे 2018पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. आजाराचे मूळ कारण वेळीच दूर झाले, तर साचलेले वण ओसरूही शकतात.

म्हणून माझी विनंती आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात फिब-4, गरज असेल त्याला फिरत्या शिबिरात फायब्रोस्कॅन आणि पुढे तज्ज्ञांचा सल्ला, अशी वाट पालघर जिल्ह्यासाठी आपण या परिषदेत आखून द्यावी. तिच्यावर चालायला गाव आपल्यासोबत आहे.